‘पिक’ म्हणजे नुसतं उचलणं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या विद्यार्थी पुरवणीत रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याचे समानार्थी शब्द येतात. माझी सहावीतली नात तो रकाना कापून वहीत चिकटवते. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे.

परवा तिच्या चाचणीत भाषांतराला वाक्य होतं, ‘विमेन पिक कॉटन’. तिनं लिहिलं, ‘बाया कापूस वेचतात.’ त्यावर लाल फुली, आणि बाजूला दुरुस्ती, ‘उचलतात’. गाइड उघडून पाहिलं तर तिथंही तेच छापलेलं, पिक म्हणजे उचलणे.

आमचं शेत दारव्हा तालुक्यात. सध्या पहिली वेचणी सुरू आहे. दुपारच्या भाकरीच्या वेळी मी ती फुली बायांना दाखवली. कमरेची ओटी सोडता सोडता एक जण म्हणाली, “उचलला म्हनजे चोरला ना वं काकू! आमी का चोट्ट्या हाओ?” दुसरी म्हणाली, “उचल त आखाडात घेतली व्हती. आता वेचून फेडून राह्यलो.”

या बाया करतात ते काम जवळून पाहावं. फुटलेल्या बोंडातून चिमटीनं कापूस ओढायचा, पाल्याचा चुरा लागू द्यायचा नाही, कवडी, म्हणजे किडका कापूस, निघाली तर वेगळी टाकायची, अर्धवट फुटलेलं बोंड पुढच्या वेळेला ठेवायचं. म्हणजे गोळा करणं आणि निवडणं एकाच हातानं चालतं. इंग्रजी ‘पिक’मध्ये हे दोन्ही अर्थ आहेत, आणि आपल्या ‘वेचणे’तही आहेत. वेचक लेख, वेचक कविता आपण म्हणतोच की! पोरीनं नेमका शब्द लिहिला होता.

चूक कुठं झाली, तेही सांगते. ‘उचलणे’ हा अर्थ ‘पिक अप’चा. गाइडवाल्यानं ‘अप’ गाळलं. खाली पडलेली पेन्सिल पिक अप करतात, स्टँडवरून पाहुण्याला पिक अप करतात, आणि पोरगं कानावर पडलेली भाषा पिक अप करतं. हे शेवटचं तर मराठीतही अगदी तसंच आहे, ‘पोरानं शब्द लगेच उचलला’. बायांना शेतावर आणणाऱ्या गाडीला आम्ही पिकअपच म्हणतो. ‘अप’ सुटलं की गाडी दुसऱ्याच रस्त्याला लागते.

इंग्रजीला एक ‘पिक’ पुरतं, कारण काय तोडायचं ते पुढचं नाम सांगतं. आपल्याकडे क्रियापदच बदलतं. वरुड-मोर्शीकडचा संत्रा तोडतात, हरभऱ्याची भाजी खुडतात, डाळीतले खडे निवडतात, दात कोरतात, आणि कोणी ‘पिक अ फाइट’ केलं तर तो कुरापत काढतो. गडचिरोलीकडे मोहफुलं वेचतात, कारण ती पहाटे जमिनीवर गळून पडलेली असतात. तेंदूपत्ता मात्र तोडतात, आणि 70 पानांचा पुडा बांधतात. तिथं कोणी ‘पत्ता वेचला’ म्हणालं, तर हा बाहेरगावचा हे लगेच कळेल.

उलट बाजूनंही तोच घोळ. तुमच्या रकान्यात पिकपुढे चूज, सिलेक्ट, प्लक, गॅदर असे चार शब्द ओळीनं छापले होते. नातीला वाटलं, कोणताही घ्या. पण कापूस काही सिलेक्ट करत नाहीत. सिलेक्ट म्हणजे पारखून, काही कसोटी लावून घेणं. चूज म्हणजे दोन-चारांतून मनानं ठरवणं. प्लकमध्ये हिसका आहे, कोंबडीची पिसं प्लक करतात. गॅदर म्हणजे विखुरलेलं एकत्र करणं, म्हणून मोहफुलांना ते शोभतं.

गंमत म्हणजे सिलेक्ट, कलेक्ट आणि इलेक्ट हे तिन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘लेगेरे’ या एकाच क्रियापदापासून आले, आणि त्याचा जुना अर्थ वेचणं, गोळा करणं. म्हणजे आमचे कलेक्टरसाहेब शब्दानं तरी वेचणीवालेच! आपणही डाळ निवडतो आणि सरपंचही निवडतो. डाळीतले खडे फेकतो, एवढाच फरक.

विनंती एवढीच. समानार्थी शब्दांची नुसती ओळ छापू नका. चारच्या जागी दोन द्या, पण प्रत्येकापुढे एक वाक्य द्या, आणि ते इकडच्या पोरांच्या पाहण्यातलं असू द्या. इंग्रजी शब्द देवनागरीत देता, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घही जपा. मागे ‘पिक’चं ‘पीक’ छापून आलं, तर नातीनं त्यापुढे सोयाबीन लिहून ठेवलं.

नातीचे गुण परत मागायला मी शाळेत जाणार नाही. तिनं वहीच्या मागच्या पानावर ‘पिक’ची स्वतःची यादी केली आहे. त्यात ‘पिक अ लॉक’पुढची जागा कोरी आहे. किल्लीवाचून तारेनं कुलूप काढण्याला मराठीत एकच क्रियापद असेल, तर कृपया छापावं.

आपली,
एक वाचक आजी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ