उत्सवाला येताना वाड्याची किल्ली घेऊन या

वाईकरांना, आणि वाई सोडून पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात स्थायिक झालेल्या वाईकरांना, नम्र आवाहन.

सुट्टीच्या दिवशी ढोल्या गणपतीपाशी गाड्यांची रांग लागते. दर्शन होते, घाटावर फोटो निघतात आणि घटकाभरात मंडळी पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे जातात. घाटामागच्या आळ्यांत कुणी शिरत नाही. शिरून तरी काय दिसणार? जागोजागी दिंडी दरवाजाला कुलूप, आत पडवीवर आलेला माळा आणि भिंतीत रुजलेला पिंपळ.

पैसा नाही म्हणून वाडे पडतात, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन-तीन पिढ्यांची नावे असतात, त्यातले निम्मे हयात नसतात आणि उरलेल्यांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंध राहिलेला नसतो. भाडेकरू म्हणतो, दुरुस्ती मालकाने करावी. मालक म्हणतो, येणाऱ्या भाड्यात कौलेसुद्धा बदलून होत नाहीत. दोघांचेही बरोबर आहे. मग एखाद्या आषाढात भिंत बसते, धोकादायक इमारतीची नोटीस लागते, जेसीबी येतो.

हे थांबवता येईल का, यासाठी आम्ही काही रहिवासी, दुकानदार आणि वास्तुविशारद एकत्र बसू लागलो आहोत. पहिल्या बैठकीत आर्किटेक्ट मंडळींनी सुंदर नकाशा आणला होता. दगडी फरसबंदी, जुन्या धाटणीचे दिवे, बसायला बाकडी. आळीतल्या एका काकूंनी विचारले, “बाजाराला खेड्यांतून बायका येतात, त्यांनी दिवसभर जायचे कुठे?” नकाशा गुंडाळला गेला. आता यादीत पहिले काम स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचे आहे, दुसरे घाटाच्या पायऱ्यांना कठड्याचे. दिवे बरेच खाली गेले आहेत आणि आमच्या मते ते तिथेच बरे.

आर्किटेक्ट मंडळींकडून आम्हीही शिकलो. ओल आली की सिमेंटचा गिलावा करायचा, ही आपली सवय. दगड-मातीच्या, चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासले की आतली ओल बाहेर पडत नाही. ती भिंतीतच मुरते आणि तुळयांची टोके कुजवते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली गणपतीचे देऊळ बांधवले तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली, पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावे म्हणून. ज्या गावात पाण्याचा इतका विचार झाला, तिथे आपण साध्या ओलीचाही करेनासे झालो आहोत.

तर मागणे असे. पहिली मागणी पैशांची नाही, कुलूप उघडण्याची आहे. कृष्णाबाईचा उत्सव सात घाटांवर आळीपाळीने होतो आणि तेव्हा बाहेरगावची घरे हमखास येतात. येताना किल्ली आणा. वास्तुकलेचे विद्यार्थी वाड्याचे मोजमाप घेऊन नकाशे काढतील, कुठली तुळई टिकेल आणि कुठली बदलावी हे लिहून देतील. मोजणीने कुणाचा हिस्सा कमी होत नाही, कुणाचा वाढतही नाही. तसे लेखी देऊ. नकाशाची एक प्रत प्रत्येक हिस्सेदाराला मिळेल. वाड्याचे हॉटेल करा असे कुणी सुचवणार नाही. खाली दुकान, वर भाड्याने दोन खोल्या, तिथे एखादी नर्स, एखादे शिक्षक कुटुंब राहिले तरी आळी संध्याकाळी जागी होईल. पणजीच्या फोंतेन्यश भागात रहिवाशांनी कला महोत्सवासाठी आपली घरे चित्रदालन म्हणून उघडली होती. दार उघडले की पुढच्या गोष्टी बोलता येतात.

वाडा पाडायचाच ठरला असेल तर तो तुमचा अधिकार. फक्त सागवानी खांब, जुन्या विटा, कौले भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवा. आमच्याकडून योग्य किंमत मिळेल. शेजारच्या वाड्याला तेच सामान लागते आणि नव्याने घ्यायला परवडत नाही. घरात आळीची, घाटाची जुनी छायाचित्रे असतील तर तीही दाखवा. प्रत काढून लगेच परत करू.

आता पैसे. चुन्यात काम करणारे गवंडी थोडे उरले आहेत आणि त्यांच्या हाताखाली गावातली मुले शिकायला ठेवायची आहेत. शिकणाऱ्यांनाही मजुरी द्यावी लागेल, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. म्हणून प्रत्येक घराकडून गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीइतकी रक्कम मागत आहोत. ज्यांना ती जड वाटेल त्यांनी एक दिवस राडारोडा उचलायला यावे, हिशेब सारखाच धरू.

रोख देणार असाल तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका, आणि पावती न देणारा आमच्या नावाने आला तर त्याला परत पाठवा. जमाखर्च दर महिन्याला गणपती घाटाजवळच्या फलकावर लागेल. त्यात चूक दिसली तर फलकाखालीच लिहा, पुढच्या बैठकीत उत्तर मिळेल. बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी घाटावर असते. पाऊस असला तर देवळाच्या आडोशाला.

वाईच्या आळ्यांतील रहिवासी, दुकानदार व वास्तुविशारद यांच्या वतीने