हरल्यानंतरची पुढची लढत

महोदय,
तालुक्याच्या बॉक्सिंग स्पर्धेत पोरगा हरला की आपल्याकडे ग्लोव्ह्ज थेट माळ्यावर जातात. अमेरिकन बॉक्सर जर्सी जो वॉलकॉट मार्च 1951 मध्ये तेव्हाचा जगज्जेता एझर्ड चार्ल्सकडून गुणांवर हरला. लगेच पुढच्या लढतीत, जुलैत, 7व्या फेरीत त्यालाच आडवा करून हेवीवेट जगज्जेता झाला. तेही 37व्या वर्षी! 2019 मध्ये अँडी रुईझकडून हरलेल्या ब्रिटिश हेवीवेट बॉक्सर अँथनी जोशुआने साडेचार किलो वजन उतरवले आणि अंतर राखत, जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर) 12 फेऱ्या काढून किताब परत घेतला. पण डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्या पोराला किमान 30 दिवस स्पारिंगही (सरावाची लढतही) नको. घाई नेमकी इथेच होते. डोकेदुखी, गरगर पूर्ण थांबल्यावर आधी दोरीउड्या, फूटवर्क, ठोसे नंतर.

– एक बॉक्सिंग प्रशिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)