मासे सोडशील, पण भाताचं काय?

ठाणे,
12 जुलै

प्रिय सुहास,

तू पाठवलेले रिपोर्ट नीट वाचले. श्रावणापासून मासे, मटण, अंडी, दूध सगळं बंद करून एकदम व्हीगन होणार, हे तू फोनवर ज्या ठामपणे सांगितलंस त्याने मनापासून बरं वाटलं. इतकी वर्षं मी तब्येतीचा विषय काढला की तू हसून दुसरं काहीतरी बोलायला लागायचास. आता स्वतःहून निघाला आहेस, तर हा उत्साह वाया जाऊ नये असं फार वाटतं. म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर तू मला इतकं बोलू दिलं नसतंस.

आधी तुझा रिपोर्ट काय सांगतो ते बघू. वजन 86. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.2. मधुमेह 6.5 पासून धरतात, म्हणजे तू उंबऱ्यावर आहेस. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 240, ते 150 च्या आत हवं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. आणि एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 112. ते काही फार वाढलेलं नाही. माझ्या डॉक्टरांनी मला हे आकडे वाचायला शिकवले तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. मटणातल्या चरबीचा, लोण्या-तुपाचा, खोबऱ्याचा परिणाम दिसतो तो मुख्यतः एलडीएलमध्ये. ट्रायग्लिसराइड आणि यकृतावरची चरबी वाढवतात ते भाताचे ढीग, मैदा, साखर, गोड पेयं आणि दारू. गरजेपेक्षा जास्त साखर-पिष्ट आलं की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. सुहास, तुझ्या रिपोर्टवर बांगड्याचं नाव कुठेच नाही. भाताचं आहे, आणि शनिवारच्या बैठकीचंही आहे.

म्हणूनच मला भीती वाटते. आपल्याकडे मासे काढले की त्या जागी आपोआप काय येतं ते आठव. लहानपणी आपल्या दोघांच्याही घरी सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळायचे. वाराच्या दिवशी ताटात डाळ-भात, बटाट्याची भाजी, पापड, लोणचं. भात रोजच्यापेक्षा जास्तच जायचा, कारण कालवण नाही म्हणून जेवल्यासारखं वाटायचं नाही. उपास असला तर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं त्यात नावालाही नाहीत. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तुझ्यासारखाच निश्चय करून मांसाहार सोडला. सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या आणि बटाटा, संध्याकाळी वडापाव, रात्री पुलाव. सगळं शाकाहारी. वजन वाढलं आणि साखरही. दोष शाकाहाराचा नव्हता. प्रथिनं गेली आणि त्यांच्या जागी पिष्ट आणि तेल येऊन बसलं.

शाकाहाराने वजन उतरत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतल्या सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या हजारो लोकांचा आहार कितीतरी वर्षं अभ्यासला गेला आहे. 2009 मध्ये आलेल्या आकड्यांत मांसाहारी गटाचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 28.8 होता, दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांचा 25.7 आणि व्हीगन लोकांचा 23.6. मधुमेहाचं प्रमाणही व्हीगन गटात सगळ्यांत कमी. त्यांच्यात तंबाखू आणि दारू निषिद्ध आहे, त्यामुळे सगळं श्रेय ताटालाच द्यायचं नाही. तरीही फरक मोठा आहे. पण त्या लोकांच्या जेवणात शेंगवर्गीय धान्यं, अख्खी धान्यं, भाज्या आणि सुकामेवा भरपूर असतो. वडापाव नसतो.

आता तुझ्या ताटाकडे येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर कच्च्या वजनाने धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, दाणे-तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम, आणि दूध-दही 300 मिलिलिटर. वहिनींना एकदा 85 ग्रॅम डाळ वजन करून दाखवायला सांग. आमच्या घरी पहिल्यांदा मोजली तेव्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, कारण आमटीतून एकेकाच्या वाट्याला त्याच्या निम्मीही येत नव्हती. आणि 27 ग्रॅम तेल म्हणजे माणशी महिन्याला लिटरभरही नाही, तेही तूप धरून. तुमच्या घरात चौघं, तर सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आसपास. तुमच्याकडे किती कॅन संपतात ते तूच बघ. वजन उतरवायचं तर या यादीतलं धान्य अजून कमी कर, तेलाला हात आखडता घे. डाळ मात्र एक ग्रॅमही कमी करू नकोस.

प्रथिनांचा हिशेबही सोपा आहे. आपल्याकडचं प्रमाण किलोमागे 0.83 ग्रॅम. तुझं उद्दिष्ट 75 किलोचं, म्हणजे रोज साधारण 62 ग्रॅम धर. धान्यातून पंचवीसेक, 85 ग्रॅम डाळीतून एकोणीसेक, दाण्यांतून सात-आठ, आणि 300 मिलिलिटर दुधातून दहा. जमतं बघ, जेमतेम. दूधही सोडलंस तर ते दहा ग्रॅम दुसरीकडून आणावे लागतात, आणि वर धान्य कमी करशील तर आणखी. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला बावन्न ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम सुक्या वड्या रोज पुरतात. मालवणी मसाल्यात, तिरफळ आणि सोलं घालून सुक्या मटणासारख्या केल्या तर चांगल्या लागतात. भिजवून, दोनदा पिळून घ्यायच्या, नाहीतर तो वास राहतो.

आणि खरं सांगू, आपल्या कोकणात शाकाहार काही कमी दर्जाचा नाही. आपण त्याला वाराचं जेवण म्हणून बाजूला टाकलं एवढंच. काळ्या वाटाण्याचं सांबार, कुळथाची पिठी, मोड आलेल्या मुगाची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, नाचणीची भाकरी. आता पावसात टाकळा, भारंगी, अळू येईल. अळंबी मिळाली तर मालवणी वाटपात कर, मटणाची आठवणही होणार नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध सोडणाऱ्याला त्याचा मोठा आधार. कुळथात प्रथिनं तुरीच्या डाळीइतकीच. पिठी मात्र पातळ असते, ती डाळीची भरपाई करणार नाही. तिच्याबरोबर उसळ हवीच. आणि वाटपातलं खोबरं निम्मं कर, भाजलेला कांदा वाढव. खोबरं वनस्पतीतून येत असलं तरी त्यातली चरबी लोण्या-तुपासारखी संपृक्तच आहे. सोलकढीही रोज नको, आठवड्यातून एखादा दिवस घे.

मासळीबद्दल एक सांगायलाच हवं. 31 जुलैपर्यंत बोटी तशाही बंद, मग श्रावण, त्यामुळे सुरुवातीला तुला जड जाणार नाही. पण तू मासे पापाचं खाणं म्हणून सोडत असशील तर तसं मानू नकोस. तारली, बांगडा यांच्यातलं ओमेगा-3 हृदयाला चांगलं. रवा लावून तेलात बुडवलेली तुकडी आणि तिच्याखालचा भात ही अडचण होती. पूर्ण सोडायचेच असतील तर जवसाची चटणी आणि अक्रोड खात जा. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्याचं माशातल्या प्रकारात थोडंच रूपांतर करतं, म्हणून डॉक्टरांना शेवाळापासून केलेल्या कॅप्सूलबद्दल विचार.

आता दुधाचं. माझं मत स्पष्ट सांगतो. पहिले काही महिने दही-ताक ठेव, बाकी सगळं सोड. मी तसंच केलं, अजूनही ताक घेतो, आणि वर्षा-दीड वर्षात वजन नऊ-दहा किलोंनी उतरलं. सावकाश उतरलं म्हणून टिकलं. प्राण्यांच्या दृष्टीने दूध सोडायचं असेल तर तो वेगळा विचार आहे आणि मला त्याचा आदर आहे. व्हीगन हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडमध्ये ज्यांनी रूढ केला तेही त्याच विचाराचे होते. पण तू मला कारण सांगितलंस ते तब्येतीचं. तब्येतीसाठी पहिल्याच दिवशी ताक सोडण्याची घाई नाही.

दूध सोड किंवा ठेव, बी12 जीवनसत्त्वाची तपासणी हा आहार सुरू करण्याआधी करून घे. यात टाळाटाळ नको. बी12 डाळी, भाज्या, फळं यांत नसतं. दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबू नकोस, त्यातलं शरीराला उपयोगी पडत नाही. यकृतात साठा असतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. मग हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल, विसरभोळेपणा. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. तुमच्या पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या पुरुषांची तपासणी केली होती, त्यात सुमारे दोन-तृतीयांश लोकांचं बी12 कमी निघालं. आणि तू साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू केलं आहेस ना? त्यानेही बी12 कमी होतं. म्हणजे तुला दोन्हीकडून धोका. व्हीगन झालास तर गोळी कायमची, किती आणि केव्हा ते डॉक्टर ठरवतील. त्याच वेळी डी जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही बघून घे.

याज्ञिकांचंच अजून एक काम तुला सांगायचं होतं. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्या लोकांचं शरीर असं असतं, वजन बेताचं दिसतं आणि चरबी पोटात लपलेली. म्हणून काट्याइतकंच टेपकडे लक्ष दे. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, तुझी 102 आहे. आणि नुसतं चालणं पुरणार नाही, आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतील.

किती उतरवायचं? यकृतासाठी वजनाच्या सात ते दहा टक्के उतरले तरी खूप फरक पडतो. तुझ्या बाबतीत सहा ते साडेआठ किलो. पंचाहत्तरचा आकडा नंतर बघू. पुढे कधी साखरेची दुसरी गोळी सुरू झाली तर डॉक्टरांना सांग की आहार बदललाय. काही गोळ्यांवर असताना भात एकदम कमी केला तर साखर खाली जाते.

अजून दोन गोष्टी आणि मग पुरे. दुकानातल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे, दूध-तूप घातलेल्या बिस्किटावरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी 2022 च्या नियमांनी वेगळं हिरवं चिन्ह आलं आहे. पण ते चिन्ह असलेलं बिस्कीटही मैदा-साखरेचंच असतं, तेव्हा त्या वाटेला जाऊच नकोस.

दुसरी गोष्ट घरातली. वहिनींवर दोन स्वयंपाक टाकू नकोस. त्या सकाळी सातला घर सोडतात, त्यांना तुझ्यासाठी वेगळी उसळ कुठून जमणार? कडधान्यं रात्री भिजत घालणं, मोड आणणं, भाजी चिरणं हे तू कर. रविवारी दोन प्रकारची कडधान्यं उकडून फ्रीजमध्ये ठेवलीस तर निम्मा आठवडा निघतो. मी तेच करतो आणि मला ते आवडायला लागलंय. आणि सई पण बाबांबरोबर व्हीगन होणार म्हणते असं वहिनी म्हणाल्या. तिला थोडं थांबव. पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं, बायकांना 29. आधी तिचं हिमोग्लोबिन बघा. उसळीवर लिंबू पिळायचं, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, त्याने लोह अंगी लागत नाही. तू तर चहा सोडणार नाहीस हे मला माहीत आहे. निदान साखर सोड.

शनिवारच्या बैठकीबद्दल तू फोनवर काहीच बोलला नाहीस. फॅटी लिव्हर असताना त्याला थोडीसुद्धा मोकळीक नाही रे. मासे खा, पण ते बंद कर, असं म्हणायचीही माझी तयारी आहे. तुझे वडील किती लवकर गेले हे आपण दोघांनी पाहिलंय. तुका म्हणान सांगतंय, दुसऱ्या कुणाक सांगूचंय नाय.

पुढच्या आठवड्यात तपासण्या करून घे आणि बी12 चा रिपोर्ट आला की लगेच पाठव. मी महिनाअखेरीस पुण्याला येतोय, दोन दिवस राहीन. येताना ठाण्याच्या बाजारातून गावठी कुळीथ आणि नाचणीचं पीठ आणतो. काळ्या वाटाण्याचं सांबार मी करेन, भाकऱ्या तू शिक.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
विनय