संप कारखान्यात, हिशोब शोरूममध्ये: सब-डीलर होऊ घातलेल्या मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. फलटणला मोटरसायकलची सब-डीलरशिप घ्यायचं जवळजवळ ठरलंय, जागाही पाहून झालीय, आणि आता सासरेबुवांनी ‘कंपनीत संप झाला तर काय करशील?’ असं विचारून तुला थांबवलंय. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. कमिशन किती, भाडं किती हे सगळेच विचारतात. आपण विकणार ती गाडी कुठल्या कारखान्यात बनते आणि तो बंद पडला तर ती दुसरीकडे बनू शकते का, हे विचारणारा क्वचितच भेटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संपाचा फटका दुकानाला दोनदा बसतो. माल येत नाही तेव्हा एकदा, आणि संप मिटून माल एकदम यायला लागतो तेव्हा दुसऱ्यांदा. पहिल्याची धास्ती सगळ्यांना असते. दुकानं अडचणीत येतात ती बहुतेक वेळा दुसऱ्यात.

आपल्याकडचं चाकणचं उदाहरण घे. 25 जून 2013 ला बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात संप सुरू झाला आणि 13 ऑगस्टला युनियनने तो मागे घेतला. पन्नास दिवस. प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने 500 शेअर द्या, ही विश्व कल्याण कामगार संघटनेची मागणी तेव्हा फार गाजली. कंपनीने ती मानली नाही, हजर राहिलेल्या माणसांवर थोडंफार उत्पादन चालू ठेवलं आणि काही काम वाळूजला हलवलं. आता डीलरच्या बाजूने बघ. चाकणला बनायच्या पल्सर, अ‍ॅव्हेंजर, निन्जा आणि केटीएम. डिस्कव्हर, प्लॅटिना वाळूज आणि पंतनगरला. म्हणजे ज्या तालुक्यात शंभर सीसीच्या गाड्यांचा खप जास्त, तिथल्या डीलरला झळ फारशी लागली नाही. पल्सरवाल्याला वाळूजचा थोडा आधार होता. केटीएम आणि निन्जावर चालणाऱ्या प्रोबायकिंग शोरूमना मात्र दुसरा कारखानाच नव्हता. त्यातून 390 ड्यूक त्याच जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात आलेली, दिल्लीत एक्स-शोरूम 1 लाख 80 हजार. त्या किमतीत तसली गाडी दुसरी नव्हती, पोरं बुकिंगला धावली, आणि ती बनायची त्या कारखान्यातच संप. एकाच कंपनीचे दोन डीलर, एकाला संप जाणवला नाही आणि दुसऱ्याला गिऱ्हाइकासमोर उभं राहवेना.

त्यामुळे ज्याच्याकडून तू गाड्या घेणार त्या मेन डीलरला तुझा पहिला प्रश्न हा असू दे: माझ्या खपातली सत्तर टक्के गाडी कुठली, आणि ती किती ठिकाणी बनते?

दुसरं, संप कुठल्या महिन्यात येतो यावर निम्मं अवलंबून असतं. चाकणचा संप पावसाळ्यात होता. आषाढ, पेरणीत अडकलेला पैसा, गिऱ्हाईक तसंही कमी. ऑगस्टच्या मध्यावर काम सुरू झालं आणि दसरा 13 ऑक्टोबरला होता, म्हणजे माल भरायला दोन महिने मिळाले. उलट तमिळनाडूत ओरगडमला 2018 मध्ये रॉयल एनफिल्ड आणि यामाहा या दोन्ही कारखान्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरात संप झाले. दसरा-दिवाळीच्या अगदी तोंडावर. त्याच सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायचा नियम लागला होता, त्यामुळे ऑन-रोड किंमत वाढली आणि गिऱ्हाईकही बिचकलं. अशा वेळी खप संपामुळे कमी की महागाईमुळे, हे दुकानात बसून ओळखता येत नाही. त्यासाठी एक सवय लाव. कंपनी महिन्याच्या एक तारखेला विक्रीचे आकडे देते ते डीलरला पाठवलेल्या गाड्यांचे, म्हणजे डिस्पॅचचे, असतात. गिऱ्हाइकाच्या नावावर किती गाड्या चढल्या ते ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीच्या आकड्यांवरून कळतं. डिस्पॅच पडलाय पण नोंदणी टिकून आहे, तर गोडाऊन रिकामी होतायत. दोन्ही पडलेत, तर गिऱ्हाईकच नाही, आणि तेव्हा जास्त माल मागवणं म्हणजे व्याज विकत घेणं.

व्याजाचा हिशोब एकदा कागदावर मांड. समज, महिन्याला 60 गाड्या विकणारा मेन डीलर 35 दिवसांचा स्टॉक ठेवतो, म्हणजे 70 गाड्या. गाडी सरासरी 90 हजारांना पडते असं धर, तर 63 लाख अडकले. बँकेचं चॅनेल फायनान्स, म्हणजे डीलरला माल भरायला मिळणारं कर्ज, दहा टक्क्यांनी असेल तर महिन्याला 52,500 रुपये व्याज. एका गाडीला महिन्याला 750, दिवसाला पंचवीस. संपाच्या पहिल्या महिन्यात हे व्याज उलट कमी होत जातं, कारण स्टॉक उतरतो. पगार, भाडं, वीज मात्र तेवढंच राहतं. मग संप मिटतो. कंपनीला गमावलेले आकडे भरून काढायचे असतात, आणि एरवी आठवड्याला पंधरा गाड्या मागणाऱ्याला तीस गाड्यांचं बिलिंग होतं. मेन डीलर त्यातल्या दहा तुझ्याकडे ढकलतो. बँकेची मुदत बिलाच्या तारखेपासून चालू होते. मुदतीत पैसे गेले नाहीत की दंडव्याज लागतं आणि कर्जाचं लिमिट गोठतं, मग चालणारी गाडी मागवायलाही पैसे उरत नाहीत. हाच तो दुसरा फटका. त्या ढिगात नेमके रंग आणि मॉडेल कोणते आलेत तेही बघावं लागतं. लाइन नुकतीच सुरू झालेली असताना कारखाना ज्याचे पार्ट हाताशी आहेत तेच बनवतो, तुझ्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते नंतर येतं.

यात नियम बदलाची तारीख येऊन पडली तर फार वाईट. 29 मार्च 2017 ला सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिलपासून बीएस-3 या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्री बंद केली, आणि डीलर्सना दोन दिवसांत हजारोंची सूट देऊन गाड्या काढाव्या लागल्या. तो संपाचा मामला नव्हता, पण तुंबलेल्या गोडाऊनचं काय होतं ते सगळ्यांना दिसलं. म्हणून संप मिटला की आठवड्याला किती गाड्या घेणार हे लेखी कळवायचं, त्यापुढची गाडी उतरवून घ्यायची नाही.

तुटवडा कसा येतो तेही सांगतो. गाड्या एकदम संपत नाहीत. आधी रंग जातात, मग डिस्कवालं किंवा वरचं मॉडेल जातं, शेवटी कुणाला नको असलेली एक-दोन उरतात. शोरूममध्ये गाड्या दिसतात आणि विक्री थांबलेली असते. याच टप्प्यावर चुकीचं बुकिंग होतं. सेल्समनचं टार्गेट असतं, तो ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणून पैसे घेतो. तू असं कर: हातातल्या आणि चेसिस नंबरासह अलॉट झालेल्या गाड्यांचंच बुकिंग तारखेसह घ्यायचं. बाकीच्यांचं नाव, मॉडेल आणि फोन वहीत क्रमाने लिहायचा, पैसे घ्यायचे नाहीत. आणि क्रम मोडायचा नाही. एकदा ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन मागच्याला गाडी पुढे दिलीस की फलटणसारख्या गावात ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे तुझ्या माणसांना पाठ करून घे, कारण नुकसान त्याचंही होतं आणि बऱ्याचदा आपल्या घाईमुळे होतं. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, रक्कम आणि बुकिंग रद्द केल्यास किती दिवसांत किती पैसे परत, हे असलंच पाहिजे. दर बिलाच्या तारखेचा लागतो, बुकिंगच्या नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला, 350 सीसीपर्यंत 28 वरून 18 टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांना 40 टक्के. अशा वेळी डिलिव्हरी महिनाभर पुढे-मागे झाली तर हजारोंचा फरक पडतो, तो कुणी सोसायचा ते आधीच बोलून ठेवावं. कर्ज मंजूर करून ठेवायला हरकत नाही, पण चेसिस नंबर हातात येईपर्यंत फायनान्स कंपनीकडून पैसे उचलायचे नाहीत, नाहीतर गाडी नसताना हप्ता सुरू होतो. विमाही तोवर काढायचा नाही. एक्सचेंजची जुनी गाडी नवी येईपर्यंत त्याच्याच दारात राहू दे. सोडलीच तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या आणि ताब्याच्या पावतीवर तारीख-वेळ हवी, कारण मधल्या काळात ती गाडी कुणी ठोकली तर पोलीस जुन्या मालकाच्या घरी जातात. आणि वादच झाला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, हे त्याला आपणच सांगावं. सरळ माणसाला त्यात भिण्यासारखं काही नाही.

संपाच्या आगेमागे आलेली गाडी नेहमीपेक्षा बारकाईने तपासायची, आणि ही तपासणी पोराटोरांवर सोडू नकोस. दोन प्रकारच्या गाड्या येतात. एक, यार्डात पडून राहिलेल्या. त्यांची बॅटरी उतरलेली असते. मीटर लावून बारा पॉइंट पाचच्या खाली व्होल्टेज दिसलं तर आधी पूर्ण चार्ज करायची, तशीच चालवून दिली तर गिऱ्हाईक महिन्याभरात किक मारत येतं. चेनवर गंज, टायरमध्ये हवा कमी, डिस्कवर तांबूस थर, हे बघायचं. टायरवरचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. चेसिस नंबरातलं दहावं अक्षर साधारणपणे वर्षाचं असतं, महिना फॉर्म 22 वर मिळतो. महिना जुना असेल तर गिऱ्हाइकाला बिलाआधी सांगायचं. दुसऱ्या, लाइन नवख्या हातांनी किंवा घाईत चालली तेव्हाच्या. कुठल्याही कारखान्यात हे होऊ शकतं. त्यांचे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचे नट टॉर्क पान्याने बघायचे, हँडल सरळ धरून पुढचं चाक रेषेत आहे का बघायचं, हेडलाइटमागची आणि सीटखालची वायरींची कपलर हाताने दाबून बसवायची, इंजिनच्या गॅस्केटच्या कडेला बोट फिरवून तेल लागतं का पाहायचं. एका गाडीला अर्धा तास जातो.

वर्कशॉप मात्र जप. संपात दुकानाला तेच तारतं. नवी गाडी मिळत नाही म्हणून लोक जुनीच नीट करून घेतात. ऑइल फिल्टर, ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, चेन-स्प्रॉकेट हा माल बाहेरच्या व्हेंडरकडून बनून येतो, तो सहसा पूर्ण आटत नाही. अडतं ते रंगवलेल्या पार्टवर, टाकी आणि काउल, आणि कारखान्यातच बनणाऱ्या इंजिनच्या भागांवर. अपघाताची गाडी आली तर विम्याच्या सर्व्हेअरला पार्ट मिळायला उशीर लागेल हे लेखी कळवून ठेव, नाहीतर गाडी तुझ्याकडे अडकते आणि क्लेम लांबला म्हणून बोलणी तू खातोस. संपाची कुणकुण लागली की चालू पार्टचा दोन महिन्यांचा साठा कर. त्यात फार पैसा अडकत नाही, गाड्यांचा साठा करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

कुणकुण लागते कशी, तर पगारवाढीचे करार बहुधा तीन वर्षांचे असतात. करार संपून सहा महिने बोलणी अडली, कामगार काळ्या फिती लावून आले, ओव्हरटाइमला नकार दिला, उत्पादनाचा वेग उतरला, की समजावं. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात संपाआधी 14 दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना सक्तीची आहे. म्हणजे दोन आठवडे तरी हातात मिळतील. आणखी एक: संप तुमच्या कंपनीतच व्हायला हवा असं नाही. एखाद्या व्हेंडरकडे काम थांबलं तरी लाइन थांबते, कारण कारखाने चार-दोन दिवसांपेक्षा जास्त पार्ट साठवत नाहीत.

एक गोष्ट मनापासून सांगतो. काउंटरवर बसून ‘कामगार माजलेत’ असं कुणाला बोलू देऊ नकोस. फलटण-बारामतीकडची कितीतरी पोरं चाकण-रांजणगावला लाइनवर उभी आहेत, त्यांचे भाऊ आणि बाप तुझ्याकडेच गाडी घ्यायला येणार आहेत. संपाच्या काळात त्यांच्या घरी पगार नसतो. त्या घरातल्या गाडीचा हप्ता चुकला तर फायनान्सवाल्याशी तू दोन शब्द बोल, जप्तीची घाई करू नका म्हणून. सगळेच ऐकतील असं नाही, काही ऐकतात.

आता करारनाम्याकडे. सही करण्याआधी त्यात तीन गोष्टी शोध: महिन्याला किमान किती गाड्या उचलायची सक्ती आहे आणि पुरवठा बंद असताना ती लागू आहे का, डिपॉझिटवर व्याज मिळतं का, आणि नव्वद दिवसांवर पडून राहिलेली गाडी मेन डीलर परत घेतो का. तिसरं कलम बहुतेक नसतंच, मागून घ्यावं लागतं. त्या मसुद्याची झेरॉक्स मला पाठव, चार दिवसांत वाचून पेन्सिलने खुणा करून परत करतो. तोवर डिपॉझिटचा चेक देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, सासरेबुवांनाही.

तुझा,
अविनाश