नट-बोल्टच्या कारखानदाराने आकडा आणायचा कुठून?

युरोपीय महासंघाच्या कार्बन शुल्काविरोधात (आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावरील आकारणी) सरकारने ठाम राहावे, ही आपल्या अग्रलेखातील भूमिका पटली. पण शुल्क मागे घेतले जाईल या आशेवर लहान उद्योगांना बसून राहता येणार नाही. १ जानेवारी २०२६ पासून ही यंत्रणा (सीबॅम) प्रत्यक्ष लागू झाली असून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्याबरोबर नट-बोल्ट आणि स्क्रूही तिच्या कक्षेत आहेत. शुल्क भरणार तिकडचा आयातदार, पण उत्सर्जनाचा हिशेब तो मागणार इथल्या कारखानदाराकडे.

बोल्ट घडवताना होणारे उत्सर्जन थोडे; बहुतांश वाटा मूळ पोलादाचा. भोसरी किंवा वाळूजचा लघुउद्योजक वायर रॉड (ज्यापासून बोल्ट घडतो ती पोलादी सळई) डीलरकडून घेतो. सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर मँगनीज, गंधक, फॉस्फरसचे प्रमाण असते. ते पोलाद तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हे सहसा नसते. पडताळलेला आकडा नसला की युरोपने ठरवलेले ठोक आकडे लागू होतात आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले आहेत. म्हणजे भंगार वितळवून, तुलनेने कमी प्रदूषणात केलेल्या पोलादाचा बोल्टही विनाकारण महाग ठरतो. ज्याचा दोष नाही त्याच्यावर हा भुर्दंड का?

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने टेस्ट सर्टिफिकेटवर प्रतिटन उत्सर्जनाची नोंद सर्व उत्पादकांना बंधनकारक करावी. पडताळणीचा खर्च एकट्याला झेपणारा नाही. राज्य सरकारने एमआयडीसीनिहाय सामायिक सोय उभारावी.

– एक लघुउद्योजक, पुणे