आवणी उरकली की दोघंही या

नाशिक
26 जुलै 2022

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल दिवसभर फोन लावत होते, लागला नाही. पाऊस लागला की वाडीवरची लाइट जाते आणि तिच्यामागे रेंजही, म्हणून घाबरले नाही. पण काल मी जे पाहिलं ते तुम्हा दोघांना दिसलं नसणार, याची चुटपुट लागली आहे. म्हणून पत्र लिहिते. धाकटा वाचून दाखवील. त्याला सांगा, भराभर वाचू नको.

काल द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा हे त्यांचं गाव, समाज संथाळ. आदिवासी माणूस त्या जागी पहिल्यांदाच बसलं. आम्ही चौघीजणी रेकॉर्डच्या खोलीत एका मोबाईलभोवती उभ्या होतो. पांढरी साडी, तिला हिरवे-लाल काठ. शपथ झाली, 21 तोफांची सलामी झाली, आणि भाषणाला उभ्या राहिल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, जोहार. बाबा, अंगावर काटा आला. आपण घरात रामराम म्हणतो, पण 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत हाच शब्द ऐकतो ना? तो काल दिल्लीत, सगळे मंत्री-खासदार समोर बसलेले असताना ऐकला. पुढे त्यांनी संथाळांचा, कोलांचा, भिल्लांचा उठाव सांगितला, तेव्हा मला आपले देवगावचे राघोजी भांगरे आठवले. 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं, हे आजोबा शेकोटीपाशी सांगायचे.

बाबा, त्या पहिल्यांदा नोकरीला लागल्या त्या ओडिशा सरकारच्या पाटबंधारे आणि वीज खात्यात, कनिष्ठ सहायक म्हणून. म्हणजे मी आज जिथे आहे, तिथेच. त्याआधी गावातून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी त्याच. मग शिक्षिका, 1997 साली रायरंगपूरला नगरसेविका, पुढे आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल.

हे ऐकताना मला माझ्या जातपडताळणीचे दिवस आठवले. तीन दिवस आपण त्या कचेरीत जात होतो. शिपाई म्हणाला, बाकावर बसा, तरी तुम्ही भिंतीला टेकून खालीच बसलात. मी सतरा वर्षांची होते, तुमच्यावर चिडले, वाटेत बोललेही नाही. आता माझ्या टेबलापाशी डोंगरातून कुणी म्हातारा कागद घेऊन येतो आणि दारातच उभा राहतो, तेव्हा मी उठून त्याला हाताला धरून बसवते. त्या दिवशी तुम्हाला असं कुणी बसवायला हवं होतं.

आई, आता तुझ्याशी बोलते. या बाईचे दोन तरणे मुलगे गेले आणि नवराही गेला, सगळं पाच-सहा वर्षांत. दादाला पान लागलं, साप चावला, त्या रात्री ओढ्याला पाणी होतं, डोली पलीकडे नेईपर्यंत उशीर झाला. त्याला आठ वर्षं झाली. तू तेव्हापासून आवणीला जातेस, पण गाणं म्हणत नाहीस. बाकीच्या बाया म्हणतात आणि तू वाकून रोपं लावत राहतेस. मी कधी विषय काढला नाही, धीर झाला नाही. काल त्यांचा चेहरा पाहताना मला सारखी तू दिसत होतीस. विसर असं मी तुला म्हणणार नाही, त्याही विसरल्या नसतील. इतकंच वाटलं, की एवढं दुःख पोटात घेऊनही बाई सरळ उभी राहून बोलू शकते, आणि देश ऐकतो.

तुम्ही विचाराल, यानं आपल्या वाडीचं काय होणार? खांब टाकणं, साकव बांधणं राष्ट्रपतींच्या हातात नसतं, हे मला नोकरीमुळे कळतं. त्यांच्या गावच्या एका वाडीतही वीज नव्हती, उमेदवारी जाहीर झाल्यावर गेल्या महिन्यात काम सुरू झालं. हे वाचून वाईट वाटलं. पण आपला भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांच्या यादीत येतो, आणि अशा भागांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना पाठवायचा असतो. तो आता अशा बाईच्या हाती पडणार, जिला पावसाळ्यात तुटणारी वाडी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. झारखंडला असताना, 2017 साली, आदिवासींच्या जमिनीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं त्यांनी सही न करता परत पाठवली होती. म्हणून मला आशा वाटते, बाबा. मनापासून वाटते.

रात्री झोप आली नाही. खोलीत एकटीच रडले, पण ते रडणं चांगलं होतं.

आवणी उरकली की दोघंही इकडे या. दरवेळी तुम्ही खाली गेटपाशी थांबता आणि पिशवी देऊन परत जाता. या वेळी वर या. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत, आई आणि तुम्ही तिथे बसा. साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं आहे. येताना नागलीचं पीठ आणा, आणि लाइट आली की लगेच फोन लावा.

तुमची लेक