स्मिअर केल्याबद्दल, ताई

कोल्हापूर

ताई, स. न. वि. वि.

मणक्यालगतच्या गाठीचा तो पेशंट तुमच्या लॅबमध्ये आला, तेव्हा मशीनने पांढऱ्या पेशी १८,००० दाखवल्या होत्या. तांबडा कुठला आणि पांढरा कुठला हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. साध्या काउंटरला मात्र केंद्रक असलेली कच्ची तांबडी पेशीही पांढरीच वाटते. तुम्ही स्मिअर काढून, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून, त्याला लिशमन रंग लावलात आणि शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा ५० तांबड्या मोजल्यात. १८,००० गुणिले १००, भागिले १५०. खरा आकडा १२,०००.

रिपोर्टात टिअरड्रॉप, म्हणजे अश्रूच्या थेंबासारख्या, तांबड्या पेशींपुढे तुम्ही 'शेपट्या वेगवेगळ्या दिशांना' असं लिहिलंत, त्याचे आभार वेगळे. सगळ्या शेपट्या एकीकडे वळल्या असत्या तर तो स्मिअर ओढण्यातला दोष ठरला असता. सोबत मायलोसाइट, म्हणजे कच्च्या पांढऱ्या पेशीही होत्या. म्हणजे रक्त मॅरोबाहेर (हाडांतल्या मगजाबाहेर) तयार होत असण्याची शंका घ्यायला पुरेसं होतं. गर्भात हे काम यकृत आणि प्लीहा करतात. थॅलेसेमियात मॅरो पुरा पडेना किंवा मायलोफायब्रोसिसमध्ये तो तंतूंनी भरला, की त्या जुन्या जागा पुन्हा जाग्या होतात, कधी मणक्यालगतही.

नुसत्या स्मिअरवर निदान होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून तर रक्त चढवण्याआधीच एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचा, नमुना बाजूला काढलात! नंतर काढला असता तर दात्याच्या हिमोग्लोबिनने चित्र झाकलं असतं आणि तीन महिने थांबावं लागलं असतं. एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, चांगलंच वाढलेलं निघालं, थॅलेसेमियाकडे बोट दाखवणारं. एमआरआयमध्येही गाठी दोन्ही बाजूंना, गुळगुळीत कडांच्या होत्या, हाड कुरतडलेलं नव्हतं. दोन्ही जुळल्यावर गाठीतल्या पेशी काढायला सुई घालायचं कारण उरलं नाही. अशा गाठीत रक्तवाहिन्या भरपूर, रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय सुईतून आलेली मेगाकॅरिओसाइट, म्हणजे मोठी, पाळ्यापाळ्यांच्या केंद्रकाची पेशी, घाईत कॅन्सरची समजली जाते. सुई घालावीच लागली तर हवेत वाळवलेली स्लाइड गिम्सा रंगाने रंगवून तांबड्या, पांढऱ्या आणि मेगाकॅरिओसाइट अशा तिन्ही वंशांच्या पेशी शोधायच्या. पायात कमजोरी आली तर मात्र हे सगळं एका दिवसात उरकावं लागतं, मज्जारज्जू दबत असतो.

एक विनंती. ती स्लाइड टाकू नका. नव्या मुलांना शेपट्या दाखवायला लागेल.

आपले,
हिमॅटॉलॉजीचे सहकारी